पिठले कोणत्या सदराखाली?

बोलोन्या शहराच्या व्यापारी मंडळाच्या दप्तरखान्यात सोन्याची एक पट्टी जपून ठेवलेली आहे. ती कोण्या राजाच्या मुकुटातली नव्हे आणि कोण्या संताच्या अवशेषांवरचीही नव्हे. ती शेवईची आहे. 'तालियातेल्ले' नावाची जी चपटी शेवई त्या नगरीत करतात, तिची रुंदी शिजल्यानंतर बरोबर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातील आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा हिस्सा, भरली पाहिजे, असा निवाडा १९७२ साली होऊन त्याचा दाखला म्हणून हा सुवर्णनमुना तेथे ठेवण्यात आला. पुढे १७ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या शेवईवर घालावयाच्या 'रागू' नामक खिम्याच्या कालवणाची कृतीही त्याच दप्तरात रीतसर रुजू झाली, आणि २०२३ साली तीत दुरुस्ती करण्याची वेळ आली तेव्हा सुधारित कृतीही तितक्याच इतमामाने नोंदवून घेण्यात आली. ज्या देशात कालवणाचे फेरफार असे जमिनीच्या बरोबरीने नोंदले जातात, त्या देशातील मित्रमंडळींसह शनिवार-रविवार विश्रांतीसाठी खेड्यात जाऊ नये, आणि गेलेच तर स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू नये, एवढे शहाणपण शिकवणारा कोणी गुरू मला वेळेवर भेटला नाही.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही उभयता बोलोन्यात राहतो. आमच्या मित्रांची नावे सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण इटालियन मनुष्य आपले नाव एकदाच सांगतो आणि गाव मात्र प्रत्येक घासाला सांगतो. म्हणून कोकणातल्या रिवाजाने मी त्यांस बोलोन्येकर, नेपल्सकर, सिएनेकर आणि लिव्होर्नोकर असेच म्हणतो. या चौघांनी सिएनाच्या बाजूस डोंगरात एक शेतघर भाड्याने घेण्याचा बेत केला. बेत मुळात चिमुकला, पण त्याची खलबते आठवडाभर चालली. तेथे काय पाहावयाचे हा प्रश्न कोणी उपस्थितही केला नाही. वाटेत फ्लोरेन्सला उतरून उफीत्सीचे चित्रदालन पाहावे, असे मी भीत भीत सुचवले, तेव्हा नेपल्सकरांनी सहानुभूतीने विचारले, "का? तिथं जेवायला काही विशेष मिळतं?"

शुक्रवारी दुपारी निघालो. बोलोन्येकरांनी स्वतःचे पोळपाट आणि लाटणे बरोबर घेतले होते. येथे 'पोळपाट' हा शब्द वाचून वाचकांनी फसू नये. ते एक प्रशस्त लाकडी फळकूट होते आणि लाटणे हातभर लांब होते, त्यामुळे मागच्या आसनावर मी, माझ्या मांडीवर फळकूट आणि फळकुटावर नेपल्सकरांचे टोमॅटोचे डबे, अशी उतरंड घेऊन आम्ही अपेनाइन पर्वत ओलांडला. नेपल्सकर आपले कॉफीचे यंत्रही घेऊन आले होते. १९३३ साली निघालेले हे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे पात्र, ज्याला 'मोका' म्हणतात, इटलीतल्या प्रत्येक शेतघरात असतेच. पण परक्याच्या मोकातली कॉफी पिणे म्हणजे परक्याच्या दंतमंजनाच्या काडीने दात घासणे, असे त्यांचे मत होते.

हमरस्त्यावरील उपाहारगृहात गाडी थांबली. आधी गल्ल्यावर पैसे भरावेत, पावती घ्यावी आणि ती पुढच्या फळीवर दाखवून उभ्यानेच कॉफी घ्यावी, ही तिथली शिरस्त्याची पद्धत मी आता आत्मसात केली आहे, त्यामुळे ऐटीत पुढे होऊन मी कापुचिनोची पावती फाडली. दुपारचे चार वाजले होते. दुधाची कॉफी ही सकाळी न्याहारीबरोबर घेण्याची वस्तू असून भोजनोत्तर ती मागणे हा जठराग्नीचा अवमान आहे, हे माझ्या ध्यानात येण्यापूर्वीच नेपल्सकर माझ्यापासून चार पावले दूर सरकले होते आणि फळीमागच्या पोऱ्याला म्हणत होते, "आमची ओळख फक्त गाडीपुरती आहे."

फ्लोरेन्स मागे पडल्यावर कियांतीचा मुलूख लागतो. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे, सरूची रांग, हे सर्व खरोखरच तसबिरीत दिसते तसे होते. पण ते पाहण्यास उसंत मिळेल तर ना! फोन्तेरुतोली गावाची पाटी दिसताच सिएनेकरांनी गाडी कडेला घ्यावयास लावली आणि पाटीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथं आमचा घात झाला." ही दंतकथा अशी की, फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या हद्दीचा तंटा काही केल्या मिटेना, तेव्हा पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही वेशींतून एकेक स्वार निघावा आणि दोघांची गाठ पडेल तेथे सीमेचा दगड रोवावा, असा तह ठरला. सिएनाच्या लोकांनी आपला पांढरा कोंबडा प्रेमाने चारून गुबगुबीत केला. फ्लोरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी कोंडला. तो बिचारा उजाडण्याच्या कितीतरी आधी भुकेने ओरडत सुटला, आणि सिएनाचा स्वार घराबाहेर पडून थोडे अंतर जातो न जातो तोच फ्लोरेन्सचा स्वार समोर दत्त म्हणून उभा. तोच काळा कोंबडा आज कियांती क्लासिको वाइनच्या प्रत्येक बाटलीवर मिरवतो आणि सिएनेकर ती बाटली नेहमी कोंबडा पलीकडे वळवून मगच ओततात. "पण ४ सप्टेंबर १२६० ला मोन्तापेर्तीच्या लढाईत आम्ही त्यांना लोळवलं," असे ते म्हणाले ते अशा आवेशात, की संध्याकाळच्या वर्तमानपत्रात ती बातमी छापून आली असावी असे वाटावे.

पुढचा रस्ता पांढऱ्या खडीचा होता. मोबाइलमधल्या बाईने आम्हांस दोनदा ऑलिव्हच्या राईत आणि एकदा कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याशी नेऊन "आपण मुक्कामी पोहोचला आहात" असे निक्षून सांगितल्यावर, अखेर ट्रॅक्टरवरच्या एका म्हाताऱ्याने वाट दाखवली. वाट दाखवण्यापूर्वी आम्ही रात्री काय जेवणार आहोत हे त्याने विचारून घेतले.

१९८५ सालच्या कायद्याने इटलीतील शेतकऱ्यास शेती सांभाळून पाहुणे ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु पाहुण्याची वर्दी चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे दिली पाहिजे, असाही हुकूम आहे. आमची मालकीणबाई ऐंशीच्या घरातली, कमरेत किंचित वाकलेली, पण हुकमत जमादाराची. तिने आमची पारपत्रे टेबलावर पसरली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून माझे जन्मस्थळ वाचण्याचा प्रयत्न केला.

"हे रा-जा-पूर कुठं आलं?"

"समुद्राच्या बाजूला, आजीबाई."

"मग मासे खात असाल."

"नाही. आम्ही दोघंही शाकाहारी."

तिने चष्मा काढून पुसला. "मांस नाही?"

"नाही."

"मग हॅम आहे घरात. ते देते."

वर्दी पुरी झाल्यावर तिने घराचे नियम सांगितले. कचरा पाच निरनिराळ्या पिशव्यांत टाकावयाचा. फाटक बंद ठेवावयाचे, नाहीतर रानडुकरे आत शिरतात. आणि वीज जपून वापरावयाची. इटलीत घरगुती जोडणीस सामान्यतः तीन किलोवॅटची सनद असते, आणि ती ओलांडली की खटका पडून घरात मिट्ट काळोख होतो. हा नियम मला शहरातही ठाऊक होता. नवीन एवढेच होते की, या घराचा खटका फाटकाच्या खांबात बसवलेला होता, फाटक उताराच्या टोकाशी होते, आणि मधल्या जागेचा मुखत्यार एक कुत्रा होता. त्या रात्री लिव्होर्नोकरांनी भट्टी पेटवली, बोलोन्येकरांनी स्नानासाठी पाणी तापत घातले आणि आमच्या सौभाग्यवतींनी केस वाळवण्याचे यंत्र सुरू केले. काळोख झाला. टॉर्च घेऊन कोणी जावे यावर मतदान झाले आणि मी परदेशी नागरिक असल्याने मतदानाचा अधिकार नसूनही एकमताने निवडून आलो.

शनिवारी सकाळी सगळेच मोठ्याने बोलताहेत असे ऐकून खाली आलो. इटालियन लोक मोठ्याने बोलतात ते बहुधा आनंदाने. पण येथे नेपल्सकर एका हातात मोका धरून खुर्चीत बसले होते आणि बाकीचे त्यांना पाणी देत होते. सौभाग्यवती पहाटे उठून, परक्या घरी आपल्यामुळे कोणास त्रास नको म्हणून, सर्व भांडी घासून ठेवून मोकळ्या झाल्या होत्या. मोकाच्या पोटात काळा थर बसलेला पाहून त्यांच्या गृहिणीधर्मास जी चीड आली, तिच्या भरात त्यांनी साबण आणि तारेची घासणी घेऊन त्या पात्रास अंतर्बाह्य लख्ख केले. मोका साबणाने कधीच धुवावयाचा नसतो. केवळ पाण्याने विसळावयाचा असतो, कारण तो काळा थर हेच कॉफीचे संचित. नेपल्सकरांचा तो थर त्यांच्या आजीपासून चालत आलेला होता.

"अहो, किती घाण होती आत!" सौभाग्यवती मला म्हणाल्या.

"काय म्हणतात त्या?" नेपल्सकरांनी क्षीण स्वरात विचारले.

"त्यांना फार वाईट वाटतंय, असं म्हणतात," मी भाषांतर केले.

त्यातून सावरून मंडळी आठवड्याच्या बाजारास गेली. तेथे सौभाग्यवतींनी सवयीने टोमॅटो दाबून पाहिला आणि भाजीवाली वीज कडाडावी तशी कडाडली. मालास गिऱ्हाइकाने हात लावावयाचा नाही. काय शिजवणार ते सांगावयाचे, केव्हा शिजवणार तेही सांगावयाचे, आणि आजच्यासाठी पिकलेला की उद्यासाठी करकरीत, हा निर्णय भाजीवालीवर सोपवून आपण विनम्र उभे राहावयाचे. मंडईत भेंडीचे टोक मोडल्याखेरीज पिशवी न उघडणाऱ्या बाईस हा मोठाच तेजोभंग होता. त्या परत फिरणार इतक्यात भाजीवालीने पिशवीत वरून एक जुडी टाकली: सेलरीचा दांडा, एक गाजर, थोडे पार्सली, बेसिलची दोन पाने. ही जुडी टस्कनीच्या बाजारात चांगल्या गिऱ्हाइकास फुकट मिळते. सौभाग्यवतींचा चेहरा एकदम उजळला. "बघा! कोथिंबीर-मिरची वरून टाकणारी माणसं आहेत. उगाच नावं ठेवीत होते मी," असे म्हणून त्यांनी आणखी एक किलो टोमॅटो घेतले, न दाबता.

घरी आल्यावर खरा मुकदमा सुरू झाला. बोलोन्येकरांनी दप्तरी नोंदलेल्या कृतीबरहुकूम रागू चढवला: कांदा, गाजर, सेलरी, खिमा, वाइन, नावापुरता टोमॅटो, वाटल्यास थोडे दूध. दुधाचे नाव ऐकताच नेपल्सकर उठले. त्यांच्या गावचा रागू म्हणजे मांसाचे मोठाले तुकडे आणि टोमॅटोचा महासागर, तोही इतक्या मंद आचेवर की बुडबुडा यावा की न यावा या विचारात त्याचा अर्धा दिवस जावा. टोमॅटो हे फळ मुळात सोळाव्या शतकात अमेरिकेकडून आले, तेव्हा त्यावर कोणा एका नगरीचा वंशपरंपरागत हक्क कसा, असा एक ऐतिहासिक मुद्दा मी मांडून पाहिला. "ते नेपल्सलाच यायला निघालं होतं," नेपल्सकर म्हणाले, "वाट सापडायला वेळ लागला इतकंच." सिएनेकरांचे म्हणणे, या डोंगरात रानडुकराखेरीज कशाचाही रस्सा करणे हा भूमीचा अपमान. तिघांचाही आवाज चढला, आणि मग अकस्मात तिघांनीही माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही न्याय करा," बोलोन्येकर म्हणाले. "तुम्ही मांस खात नाही. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या इटलीत सापडणार नाही."

अशा रीतीने जे मी जन्मात चाखले नाही त्याचा निवाडा करण्यासाठी मला पातेल्यांपाशी उभे करण्यात आले. मी वास घेतला, डोळे मिटले, मान हलवली आणि साक्षीपुरावा अपुरा असल्याने निकाल राखून ठेवला. तिघांनाही निकाल आपल्याच बाजूचा लागणार असे वाटल्याने दुपार शांततेत गेली. जेवताना बोलोन्येकरांनी पुरावा म्हणून पेल्लेग्रीनो आर्तुसीचा ग्रंथ उघडून टेबलावर ठेवला. १८९१ साली या रेशमाच्या व्यापाऱ्याने पदरमोड करून छापलेला आणि पुढे ७९० कृतींपर्यंत वाढत गेलेला हा पाकग्रंथ इटलीत घरोघर आहे. तो लिहिणारा गृहस्थ आजन्म अविवाहित होता हे कळल्यापासून माझा त्याच्यावर विश्वास बसला आहे, कारण एवढी ठाम मते मांडण्यास घरात विरोधी पक्ष नसावा लागतो.

टस्कनीच्या पावात मीठ नसते. पहिल्या घासास आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. सिएनेकर सबब सांगण्याच्या भानगडीत न पडता थेट डांटेवर गेले: हद्दपार झालेल्या त्या महाकवीनेसुद्धा परमुलखातल्या पावाच्या खारटपणाबद्दल तक्रार नोंदवली आहे, सबब अळणी पाव हाच अस्सल. फ्लोरेन्सच्या मनुष्याची साक्ष सिएनेकरांनी काढल्याचा हा एकमेव प्रसंग.

रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे आला. "भारतीय काहीतरी होऊ द्या, पण तिखट नको," अशी फर्माईश झाली. मालकीणबाईंच्या फळीवर चण्याच्या पिठाची पिशवी दिसली, तेव्हा पिठले करावे असे ठरले. लसूण उत्तम होता, कालाब्रियाकडच्या सुक्या मिरच्या मिळाल्या, कढीपत्त्यावाचून भागवले. बेसन शिजू लागले, कढईच्या कडा सुटू लागल्या आणि तो ओळखीचा वास डोंगरात पहिल्यांदाच पसरला. लिव्होर्नोकर धावत आले. त्यांच्या गावी चण्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ तांब्याच्या परातीत ओतून कडक भट्टीत भाजतात. त्या वडीस 'तोर्ता' म्हणतात.

कढईत डोकावून ते हळहळले. "आमची तोर्ताच आहे. पण तुमची भट्टी बिघडली होती का?"

आता प्रश्न असा आला की, हे वाढावयाचे केव्हा? इटालियन भोजनाची जमाबंदी काटेकोर असते. आधी तोंडीलावणे, मग 'प्रीमो' म्हणजे शेवया किंवा भात, मग 'सेकोन्दो' म्हणजे मांस अथवा मासे, आणि त्याच्या बाजूस भाजी. एकाची हद्द दुसऱ्यास लागता कामा नये. पिठले पिठाचे असल्याने प्रीमो धरावे, असे बोलोन्येकर म्हणाले. चणा कडधान्य असल्याने ती भाजी होय, असे सिएनेकरांचे मत पडले. नेपल्सकरांनी, मोकाच्या दुःखातून अद्याप पुरते बाहेर न आल्यामुळे, ते पावाला लावून तोंडीलावणे म्हणून संपवावे, असे सुचवले. मी म्हटले, "आमच्याकडे सगळं एकाच ताटात, एकाच वेळी येतं." त्यावर चौघेही स्तब्ध झाले. त्या स्तब्धतेत मला थोडा अभिमान वाटला. आपण या नियमांच्या जंजाळातून मुक्त, उदार, समन्वयवादी संस्कृतीचे पाईक आहोत, असे काहीसे विचार मनात येऊ लागले होते.

तेवढ्यात बोलोन्येकरांनी किसणी उचलली आणि पिठल्यावर पार्मेजान चीज किसावयास प्रारंभ केला.

"थांबा!" मी ओरडलो. माझा आवाज मलाच परका वाटला. चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण असते ही अडचण माझ्या मनातही नव्हती (ही माहिती मी आजतागायत घरात फुटू दिलेली नाही). माझा आक्षेप निव्वळ तात्त्विक होता. पिठल्यावर कच्चे तेल घ्यावे, शेजारी फोडलेला कांदा घ्यावा, चटणी डाव्या अंगास वाढावी, लिंबाची फोड मिठापाशी, आणि पिठले काट्याने कदापि खाऊ नये, असे मी उभा राहून बोलत सुटलो. बोलोन्येकरांनी किसणी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत प्रथमच माझ्याविषयी आदर दिसला.

"म्हणजे तुमच्याकडेही नियम आहेत," ते म्हणाले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. "अधिकृत कृती सांगा."

"खरं पिठलं कुळथाचं," मी म्हणालो. "पातळ. हे आपलं तात्पुरतं."

"कुळथाची ती पिठी," सौभाग्यवती तत्काळ म्हणाल्या. "पिठलं बेसनाचंच. आणि घट्ट. आमच्या कोल्हापुरात पळी उभी राहिली पाहिजे त्यात."

"पळी उभी राहिली म्हणजे तो झुणका झाला."

"झुणक्यात पाणी घालतात होय? तुमच्या राजापुरात घालत असतील!"

"पीठ आधी पाण्यात कालवायचं की उकळत्या पाण्यात पेरायचं?" बोलोन्येकरांनी विचारले.

"कालवायचं," मी.

"पेरायचं," सौभाग्यवती. "कालवून केलं की गुळगुळीत होतं. आजाऱ्याला देतात तसलं."

चारही मित्र खुर्च्या जवळ ओढून, हनुवट्या हातांवर टेकून ऐकू लागले. एक अक्षर कळत नसूनही इतके घरगुती समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर त्या दोन दिवसांत दिसले नव्हते. सिएनेकरांनी हळूच माझ्या कानाशी लागून विचारले, "तुमच्या या दोन गावांत पूर्वी कधी लढाई झाली होती का?"

मी उत्तर देणार तोच, लिव्होर्नोकरांनी खऱ्या तोर्ताचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी भट्टी लावली होती आणि वर कुठेतरी पाणी तापत होते, ते दोन्ही एकवटून पुन्हा काळोख झाला. थोड्या वेळाने दाराशी कंदील दिसला. वारंवार वीज जाते म्हणून मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. त्या कोणाशी काही न बोलता चुलीपाशी गेल्या, कढईवर कंदील धरला, तळाशी धरलेली खरवड उलथन्याने सोडवली आणि तोंडात टाकली. मग आणखी सोडवली.

"रोझमेरी हवी होती," त्या म्हणाल्या. "माझी आई घालायची."

"पिठल्यात रोझमेरी?" आम्ही उभयता एका सुरात म्हणालो; त्या संध्याकाळचे ते आमचे पहिले एकमत.

"सिन्योरा," बोलोन्येकरांनी पेन्सिल सावरत विचारले, "हे मोडतं कशात? प्रीमो की भाजी?"

"कशातच नाही," म्हातारी भरल्या तोंडाने म्हणाली. "हे कढईतूनच खायचं. उभ्यानं. पाहुणे झोपल्यावर."

ते त्यांनी लिहून घेतले की नाही, काळोखात दिसले नाही. खटका वर करावयास कोणीतरी फाटकाशी जाणे भाग होते, आणि सगळे माझ्याकडे पाहत असल्याचे मला न पाहताही समजले. कुत्रा सोडलेला होता.